८ जीबीवर चादरीचं डिझाइन अडतंय. डीडीआर५ आत्ता घ्यावी, की थांबावं?

ग्राफवाला_अशोकचौक

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात जकार्डची (मागावर ताण्याचे धागे उचलून नक्षी विणणारं यंत्र) डिझाइनं करतो. टॉवेल, चादर, नॅपकिन, वॉल हँगिंग, सगळं. अशोक चौकाजवळ घरातच टेबल आहे आणि काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचं येतं. आमच्या वडिलांच्या वेळी ग्राफ पेपरवर चौकट चौकट रंगवायची आणि मग कार्ड पंचिंगला द्यायचं. आता मागावर इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसलं, फाइल पेनड्राइव्हवर जाते. म्हणजे हा पीसी बंद पडला की माझं दुकान बंद.

मशीन असं आहे: आय५-८४००, एच३१० बोर्ड, मेमरीचे दोनच स्लॉट, त्यातल्या एकात ८ जीबी डीडीआर४ (मेमरीची जुनी पिढी, डीडीआर५ नवी), वेग २४००. दुसरा मोकळा. विंडोज ११ चालतंय. २४० जीबीच्या सॅटा एसएसडीवर विंडोज, कामाच्या फाइली १ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर. वेगळं ग्राफिक कार्ड नाही.

त्रास कुठं होतो ते सांगतो. निर्यातवाली पार्टी मूळ चित्र ३०० डीपीआयला पाठवते, ६० बाय ९० इंचाची सिंगल चादर. फोटोशॉपमध्ये बॉर्डर, मधला बुट्टा, कोपऱ्यातला मोर आणि जमीन (नक्षीमागचा रंग) असे चार लेअर होतात. मोर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात उलटा ठेवायचा म्हटलं, की गोल चक्र फिरत राहतं, हार्ड डिस्क कुरकुर करते आणि मी नुसता बघत बसतो. बाजूला पार्टीचा मेल उघडा असेल तर अजूनच वाईट. पूर्वी टॉवेलची कामं जास्त होती तेव्हा हे जाणवत नव्हतं, चादरी वाढल्या तसं जाणवायला लागलं.

नवी पेठेत कोटेशन काढलं. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ची ३२ जीबी जोडी मिळून सत्तर हजारांच्या आसपास जातंय, आणि त्यातले जवळजवळ निम्मे नुसत्या मेमरीचे. हीच जोडी गेल्या उन्हाळ्यात दहा हजारांच्या आत सांगितली होती. माझं बजेट चाळीस. भाचा म्हणतो, मामा थांब, आता डीडीआर६ येणार आहे, आत्ता घेतलं तर लगेच जुनं होईल. दुकानदार म्हणतो, आज घ्या, पुढच्या महिन्यात अजून चढेल.

गड्डा यात्रा झाली, आता पाडव्याच्या आधी लग्नसराईच्या ऑर्डरी उरकायच्यात. कर्ज काढून सत्तर घालावेत, थांबावं, की मधला काही मार्ग आहे? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

होटगीरोड_रिग

दादा, डीडीआर६साठी थांबू नका, एवढं तरी पक्कं. मागचा हिशेब बघा. डीडीआर४चं मानक सप्टेंबर २०१२ला आलं आणि आपल्यासारख्यांच्या पीसीत ती पोचली २०१५मध्ये, इंटेलच्या स्कायलेकबरोबर. डीडीआर५चं मानक जुलै २०२०ला आलं, पहिले प्रोसेसर नोव्हेंबर २०२१ला, एएमडीचे सप्टेंबर २०२२ला. आल्या आल्या ती इतकी महाग होती की पुढं बराच काळ लोक डीडीआर४च घेत राहिले. डीडीआर६चं तर अंतिम मानकच अजून यायचंय. त्यानंतर बोर्ड, प्रोसेसर, मग भाव खाली येणं. तोपर्यंत तुमच्या किती चादरी विणून होतील!

माझं मत, एकदाच एएम५ (एएमडीचा प्रोसेसर बसवायचा सॉकेट) घ्या. एएमडीने हा सॉकेट २०२७पर्यंत आणि त्यापुढंही चालवायचं जाहीर केलंय, म्हणजे पुढं नुसता प्रोसेसर बदलता येईल. आत्ता ३२ परवडत नसेल तर १६ची एकच काडी (मेमरीची पट्टी) घ्या, दुसरी नंतर. एच३१०मध्ये पैसे घालणं म्हणजे पडक्या वाड्याला रंग देणं.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. एएम५वर चार काड्या लावायच्या भानगडीत पडू नका. चार लावल्या की अधिकृत वेग ३६००वर येतो, म्हणून दोनच, पण मोठ्या. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, मेमरीचं ट्रेनिंग चालू असतं. बिघडलं समजून बटण दाबून बंद करू नका.

नवीपेठ_सर्व्हिस

मालक, घाई करू नका. दोन आकडे बघून इथं टाका, मग बोलू.

पहिला: नेहमीसारखं काम चालू असताना, म्हणजे चादर उघडी, मेल उघडा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी. तिथं ‘इन यूज’ आणि ‘कमिटेड’ असे दोन आकडे असतात. ‘इन यूज’ ८च्या वर जाऊच शकत नाही, कारण काडीच ८ची आहे. ‘कमिटेड’ सांगतो की सगळ्या प्रोग्रामांनी मिळून खरी मागणी किती केलीय.

दुसरा: फोटोशॉपमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात डॉक्युमेंटची साइझ दिसते, तिच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा. १०० टक्के असेल तर मेमरी पुरतेय. त्याच्या खाली गेला की फोटोशॉप डिस्कवर लिहून दिवस काढतंय.

तोपर्यंत एक गणित करून देतो. ६० इंच गुणिले ३०० म्हणजे १८,०००. ९० गुणिले ३०० म्हणजे २७,०००. दोन्हीचा गुणाकार ४८ कोटी ६० लाख पिक्सेल. एका पिक्सेलला ३ बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेअर साधारण १.४६ जीबी. असे चार म्हणजे सहाच्या जवळ. त्यावर तुम्ही मागं जायला ठेवलेली हिस्ट्री वेगळी, विंडोज वेगळं, ब्राउझर वेगळा. ८ जीबीत हे मावणारच नाही. प्रोसेसरचा यात काही दोष नाही, ८४००ला सहा कोर आहेत.

खरेदी_विभाग

मी एका संस्थेच्या कॉम्प्युटर लॅबची खरेदी बघतो. आम्ही या वर्षीची नव्या मशीनची मागणी पुढं ढकलली.

भाव का चढले ते समजून घ्या, म्हणजे दुकानदाराच्या बोलण्याचा किती विचार करायचा ते कळेल. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम नावाची मेमरी ह्याच कारखान्यांत, त्याच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बनते. तेवढ्याच जीबीला तिला साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट वेफर लागतो, आणि तिथं पैसा जास्त. म्हणून माल तिकडं वळला. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे दुकानदार खोटं बोलत नाही.

पण या धंद्यात असे चढ-उतार पूर्वीही झालेत. २०१७-१८ला मेमरी कडाडली होती आणि २०१९ला चांगलीच पडली. २०२३ला इतकी स्वस्त झाली की कंपन्यांनी उत्पादन कमी केलं. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, म्हणून चढ लवकर संपत नाही, पण चढाच्या टोकावर सत्तर हजार घालणंही मला पटत नाही. कर्ज काढून तर मुळीच नको. निम्मी रक्कम ज्या वस्तूवर जाते तीच वस्तू आज सगळ्यात महाग आहे.

आणि काहीही घेतलं तरी जीएसटीचं पक्कं बिल घ्या. मेमरीवर बऱ्याचदा लाइफटाइम वॉरंटी असते, ती बिलाशिवाय मागायला अवघड जातं.

ग्राफवाला_अशोकचौक

सगळ्यांचे आभार. आकडे बघितले.

चार लेअरची चादर उघडी, क्रोममध्ये मेल आणि व्हॉट्सॲप. ‘इन यूज’ ७.९ पैकी ७.५. ‘कमिटेड’ १५च्या थोडं वर. एफिशियन्सी उघडताना १०० होती, मोराला हात लावला की ६०च्या खाली गेली.

स्क्रॅच डिस्क (मेमरी संपली की फोटोशॉप जिथं लिहितं ती डिस्क) कुठं आहे तेही बघितलं. डी ड्राइव्ह, म्हणजे साधी हार्ड डिस्क. एसएसडी भरत आली होती म्हणून मीच तिकडं टाकली होती.

होटगीरोड, तुमचं एएम५चं म्हणणं कळतंय, पण १६ची एकच डीडीआर५ काडी घेतली तर मागणी १५ची आणि मेमरी १६ची. पैसे घालूनही काठावरच राहीन, नाही का?

नवीपेठ_सर्व्हिस

बरोबर पकडलंत.

तुमचं काम मेमरीच्या वेगापायी अडलेलं नाही, जागा कमी पडतेय म्हणून अडलंय. हे दोन वेगळे आजार आहेत. डीडीआर५ रुंद रस्ता देते हे खरं: ३२००ची डीडीआर४ एका चॅनेलवर (प्रोसेसर आणि मेमरीमधल्या एका वाटेवर) सेकंदाला २५.६ जीबी देते, ६०००ची डीडीआर५ ४८. पण पहिला बाइट हातात यायला लागणारा वेळ बघा. डीडीआर४ ३२०० सीएल१६ला (सीएल म्हणजे उत्तर यायला लागणारे ठोके) १० नॅनोसेकंद, डीडीआर५ ६००० सीएल३०लाही १० नॅनोसेकंद. आणि मेमरी संपून काम हार्ड डिस्कवर गेलं की तिथं हिशेब मिलिसेकंदांत, म्हणजे लाखो पट. तुम्ही जे चक्र फिरताना बघताय ते ह्या शेवटच्या पायरीचं आहे. डीडीआर५ घ्या नाहीतर उद्या डीडीआर६ घ्या, १५ची मागणी ८मध्ये बसवली तर हेच होणार.

म्हणून मी काय केलं असतं ते सांगतो. मोकळ्या स्लॉटमध्ये १६ जीबी डीडीआर४ची एक काडी. एकूण २४. तुमच्या बोर्डाची मर्यादा ३२ची, म्हणजे त्यात बसतं. ८ आणि १६ अशी विषम जोडी चालते का, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. इंटेलवर चालते: पहिले ८ अधिक ८ दोन चॅनेलवर, उरलेले ८ एका चॅनेलवर. आज तुमची एकटी काडी एकाच चॅनेलवर सेकंदाला १९.२ जीबी देतेय. दोन झाल्या की पहिल्या १६ जीबीला त्याच्या दुप्पट. वेगळं ग्राफिक कार्ड नसल्याने स्क्रीनसुद्धा ह्याच मेमरीवर जगते, तिलाही फरक पडेल.

घेताना २४००ची मागू नका, ३२००ची घ्या. तुमच्याकडं ती जुन्या काडीबरोबर २४००लाच चालेल, त्यात काही बिघडत नाही. कारण पुढचं ऐका. इंटेलच्या १२व्या, १३व्या, १४व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही मेमरी घेतात, बोर्ड कोणता त्यावर ठरतं. उद्या हे मशीन थकलं तर एच६१० किंवा बी७६०चा डीडीआर४वाला बोर्ड आणि आय५-१२४०० घ्या, हीच काडी तिकडं ३२००ला चालेल. आजचे पैसे वाया जात नाहीत. होटगीरोडच्या पडक्या वाड्याला माझं हे उत्तर: खिडकी काढून नव्या घराला लावता येते.

थांबू मात्र नका. डीडीआर४ जुनी झाली म्हणून स्वस्त होईल असं समजू नका. कंपन्या २०२५पासून तिचं उत्पादन आटोपतं घेतायत, भाव तिचाही चढलाय. डीडीआर३चं शेवटी असंच झालं होतं.

जुनी काडी मिळत असेल, पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निघालेल्या मशीनमधली, तर घ्यायला हरकत नाही, पण दोन अटी. डेस्कटॉपची लांब काडी हवी, लॅपटॉपची आखूड चालत नाही. आणि दुकानदाराने बदलून द्यायची मुदत बिलावर लिहून द्यावी. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तर परत. तुमच्या धंद्यात एक बिट उलटला तर जमिनीत भलत्या रंगाचा ठिपका येईल, आणि तो विणून झाल्यावर दिसेल.

काडी लावायच्या आधी मशीन उघडणारच आहात, तर ब्लोअर मारा. अशोक चौक भागातली मशीनं माझ्याकडं येतात, पंख्याच्या पात्यांवर सुताची रुई बसून नमद्यासारखी घट्ट झालेली असते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ला जातो तेव्हा तेच मशीन आपोआप बंद पडतं आणि लोक मेमरीला दोष देतात. जुन्या काडीचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटकून टाका, मग बसवा.

स्क्रॅच डिस्क आजच्या आज एसएसडीवर आणा. त्यासाठी जुन्या फाइली डी ड्राइव्हला हलवून साठेक जीबी मोकळी करा. प्रेफरन्सेसमध्ये हिस्ट्री स्टेट्स मुळात ५० असतात, २० करा. ह्याला एक रुपया लागत नाही.

रीडपिक

मी इचलकरंजीत शिकले, आता जुळे सोलापुरात राहून डॉबी (लहान, साध्या नक्षीचं यंत्र) आणि जकार्ड दोन्हीचं काम करते. मेमरीचं वरच्या दादांनी सांगितलंय ते योग्यच, पण मला मुळातला प्रश्न वेगळा वाटतो. तुम्ही ३०० डीपीआयवर काम का करताय?

मागावर शेवटी काय जातं ते बघा. समजा २६८८ हुकांचं (हूक ताण्याचा धागा उचलतो) जकार्ड आहे आणि ६० इंचाची चादर पूर्ण रुंदीला एकच डिझाइन. म्हणजे इंचाला साधारण ४५ ताणे. बाण्याचे इंचाला ४० पिक (आडवे धागे) धरले तर ९० इंचाला ३६००. २६८८ गुणिले ३६०० म्हणजे ९७ लाखांच्या आसपास ठिपके. एका ठिपक्याला एक बाइट, फाइल १० एमबीसुद्धा नाही. इंचाला ४५ धागे असलेल्या कापडात ३०० पिक्सेलचा बारकावा उतरणारच नाही. मोराच्या डोळ्याभोवतीची केसाएवढी रेघ तुम्ही कितीही जपली तरी धाग्याच्या जाडीपेक्षा बारीक काही विणलं जात नाही. उलट शेवटी आकार कमी करताना त्या रेघा तुटतात आणि मग एकेक ठिपका हाताने दुरुस्त करावा लागतो.

मी पार्टीची ३०० डीपीआयची मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवते आणि कामासाठी १५०ची प्रत काढते. लांबी-रुंदी दोन्हीकडून निम्मी, म्हणजे पिक्सेल पाव. लेअर १.४६ जीबीवरून ३६५ एमबीवर येतो, चार लेअर दीड जीबीत. रंग आधी ठरवून कमी करते, सहा किंवा आठ, म्हणजे वीव्ह (विणीचा प्रकार) लावताना गोंधळ होत नाही.

छापील चादरीचं काम असेल तर गोष्ट वेगळी, तिथं बारकावा टिकतो. पण जकार्डला १५० खूप झालं. काडी जरूर घ्या, पण हे आधी करून बघा.

होटगीरोड_रिग

ताई, हे मला माहीतच नव्हतं, मी गेमिंगच्या अंगानेच बघत होतो. ह्या कामासाठी १६ची डीडीआर४ काडी पुरेल, मान्य. तरी एक सांगतो. दादा पुढं मोठ्या पार्टीला थ्रीडीमध्ये पलंगावर अंथरलेली चादर दाखवायला लागले तर ग्राफिक कार्ड लागेल आणि तेव्हा हा बोर्ड पुरणार नाही. तो दिवस आला की अर्धवट अपग्रेड न करता सरळ नवीन प्लॅटफॉर्म घ्या.

खरेदी_विभाग

थ्रीडीचा प्रश्न येईपर्यंत भाव कुठं असतील ते तेव्हा बघू. कर्ज काढायचं टळलं हे फार बरं झालं.

ग्राफवाला_अशोकचौक

करून बघितलं, लिहितो. पुढं कुणाला उपयोग होईल.

आधी पैसे न लागणारं केलं. स्क्रॅच डिस्क एसएसडीवर आणली, हिस्ट्री २०वर. त्याच फाइलवर चक्र अजून फिरतं, पण पूर्वीसारखं हात बांधून बसावं लागत नाही. मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे १५०ची प्रत काढली. एफिशियन्सी १००वरून हललीच नाही. मोर उचलला, उलटा केला, ठेवला, लगेच. मागावर नमुना काढायला दिला. कारखानदाराने आधीचा नमुना शेजारी ठेवून बघितला, मीही भिंग घेऊन बघितलं. पंखांची टोकं आधीपेक्षा स्वच्छ आलीत, कारण तुटक रेघा हाताने जोडायचं कामच राहिलं नाही.

तरीही काडी घेतली. छापील चादरीचंही काम अधूनमधून येतं आणि तिथं ३०० लागतंच. १६ जीबी डीडीआर४ ३२००, नवीन, पक्क्या बिलासकट. रात्री मेमटेस्ट लावून झोपलो, सकाळी एकही चूक नाही. टास्क मॅनेजरमध्ये २४ दिसतंय, वेग २४००. चार लेअरची ३०० डीपीआयची जुनी फाइल मुद्दाम उघडली, ‘इन यूज’ १३च्या पुढं गेलं नाही. चाळीसपैकी बरेच पैसे शिल्लक आहेत. ते पाडव्यानंतर मोठ्या एसएसडीला ठेवतोय, २४०ची आता अपुरीच पडतेय.

पंख्यावरच्या रुईचं नवीपेठवाल्यांनी सांगितलं ते अगदी तसंच निघालं.

एक शंका राहिली. बायोसमध्ये एक्सएमपी (मेमरी जास्त वेगाने चालवायचा) असा पर्याय दिसतोय, तो चालू केला तर ३२०० मिळेल का?

नवीपेठ_सर्व्हिस

नाही मालक. एच३१० बोर्ड २६६६च्या वर मेमरी चालवत नाही, आणि जुनी काडी २४००ची असल्याने दोन्ही तिथंच थांबतात. तो पर्याय बंदच ठेवा. लग्नसराईच्या ऑर्डरी चालू असताना बायोसमध्ये हात घालू नका.